वळलेल्या जिन्याचा इतिहास

वहिनी, आणि कामं टाकून आलेले तुम्ही सगळे. बोलायला उभा राहिलोय खरा. पण आधी एक तक्रार नोंदवतो. सेतुमाधवरावांचा हा हार घातलेला फोटो आपल्या मेट्रो स्टेशनावर पहिली गाडी आली त्या दिवशीचा. त्यांच्या खांद्यावर जो हात दिसतो, तो माझा. बाकीचा मी कापला गेलो. वहिनी, हा अन्याय आहे. पण नवा नाही. त्या स्टेशनाच्या इतिहासातूनही त्यांनी मला असंच बाहेर ठेवलं.

तुम्ही जाणताच, आपलं स्टेशन एवढंसं. अण्णा नगरला निघालेली माणसं इथे गाडी थांबली तरी मोबाइलमधून मान वर करत नाहीत. तरी त्याला इतिहास आहे. आधी ताडाची झाडं होती. मग पत्रे लागले, खड्डा झाला, खांब उभे राहिले. आणि रस्त्यावर उतरणारा जिना मध्येच वळला, कोपऱ्यावरच्या छोट्या पिळ्ळैयारला, आपल्या गणपतीला, वळसा घालून.

का वळला? सेतुमाधवराव सांगत, देव हलायला तयार नव्हता. इंजिनियरने नारळ फोडला, हात जोडले आणि नकाशा बदलला. मी पुण्याहून या तमिळ मुलखात आलेला वार्ताहर, त्यात पाठशाळेत संस्कृत घोकलेला. इतिहास म्हणजे 'असं खरोखर घडलं', हे मला छडी खाऊन पाठ. मी चौकशी केली. खाली पाण्याचा जुना पाइप होता, म्हणून जिना वळला. आपल्या मराठी मंडळाच्या अंकात सविस्तर लेख लिहिला.

कोणी वाचला? राहू द्या, हात वर करू नका. वाचला फक्त त्यांनीच. म्हणाले, "छान लिहिलंय, सार. पण पाइपसमोर नारळ कोण फोडणार?"

आणि खरंच, सिरुसेरीच्या आयटी कंपन्यांत मुलाखतीला निघालेली पोरं त्या वळणावर नारळ आपटून मग गाडी पकडू लागली. माझी मुलगी घरी मला तमिळमध्ये उत्तर देते. घरात आम्ही दोघंच, तरीही. तीच मुलगी यांच्यासमोर बसून यांचं तंजावरकडचं जुनं मराठी तासन्‌तास ऐकायची. मत्सर हा सहावा रिपू. माझ्याकडे त्याने पहिला नंबर कधी सोडला नाही.

रोज संध्याकाळी जिन्याखालच्या कट्ट्यावर ते सांगायचे, मी खोडायचो.

"पाइप."

"पिळ्ळैयार."

"अहो, मी कागद पाहिलेत."

"तुम्ही पुण्याचे, सार. तुम्हाला देवसुद्धा पुराव्यासकट लागतो."

परवा मी एकटाच तिथे गेलो. एक नवं कुटुंब फुलवालीला विचारत होतं, जिना असा का? ती म्हणाली, "आमचे रायर होते ना, ते मशीनपुढे आडवे उभे राहिले. म्हणून देव जागेवर राहिला." रायर म्हणजे आपले सेतुमाधवराव. आता हे तर त्यांनीसुद्धा कधी सांगितलं नव्हतं. माणूस जाऊन आठवडा नाही झाला, आणि इतिहासात शिरला. मी जिवंत, शेजारी उभा, माझं नाव नाही.

मला राहवलं नाही. म्हटलं, "अम्मा, खाली पाइप होता."

तिने मान वर केली. "असेल, सार," म्हणाली, आणि पुन्हा मोगरा ओवू लागली.

असेल. एवढंच. भांडली नाही, हसलीही नाही.

मंडळी, त्यांचा मत्सर मला पुढेही वाटत राहील, त्याची काळजी नाही. काळजी वेगळी आहे. इतकी वर्षं या शहरात राहून मी मित्र एकच केला, आणि तोही भांडायला. संध्याकाळी कुठे जायचं, मला कळत नाही.

आता उभे राहू या. शांतता थोडाच वेळ पाळा. मला ती घरी भरपूर मिळणार आहे, आणि मला तिची भीती वाटते.