पुठ्ठ्याची कड

ते कागद आधी पिशवीत घाला, दादा — वाईट न्हाई त्यात काही, पण चाचा नमाजहून येतीलच आता आणि त्यांच्या नजरेला ते पडायला नकोत. घातले? बरं. आता त्या स्टुलावर बसा, मान सरळ — गेटपासचा फोटो ना, एमआयडीसीवाल्यांना दोन्ही कान दिसले पाहिजेत — हलू नका, बोलू पण नका, मी सांगते. तुम्ही विचारलं, हे अकरा लेख लिहिले कुणी, पानांवर नावच न्हाई. न्हाई, बराबर. फोटोच्या कागदावर उजेड पडत असताना कुठला भाग पुठ्ठ्यानं झाकायचा, किती सेकंद झाकायचा, पांढरं पडलेलं आभाळ कसं उतरवायचं, काळवंडलेला चेहरा कसा वाचवायचा — इतकं बारीक कुणी लिहीत न्हाई. तुम्ही त्याच्यावरून घरच्या बाथरूममध्ये फोटो धुवायला शिकलात म्हणता — खरं तर मला आनंद व्हायला पाहिजे होता. हनुवटी जरा खाली.

लिहिले ते चाचांनी. सिराजोद्दीन चाचांनी, याच स्टुडिओच्या मालकांनी. आता तुम्ही हललात — असू द्या, दुसरा काढते. तीस वर्षांखाली एका मासिकात आल्ते, ते मासिकही बंद पडलं. चाचांनी कात्रणं जपून ठेवली, कारण त्यांना त्याचं पुस्तक करायचंय — सत्तरीला टेकलेत, म्हणतात, जुन्या जालन्यात लग्नाचे फोटो काढण्यात जन्म गेला, एक चीज तरी नावाची राहू दे. मी बीएस्सी झालेली, म्हणून टाईप करायला मला दिली. देताना म्हणाले, "पढ बेटा, पर किताब निकलेतक किसीको देना नको." एवढंच म्हणाले. मी मान हलवली — हलवली ना, खोटं कशाला सांगू.

मंग का दिली? आमचा एक ग्रुप आहे फोनवर, रोलवर फोटो काढणाऱ्यांचा. सगळे मोठे मोठे लोक, महागडे कॅमेरेवाले, मी आपली दोन वर्षं नुसती वाचत राह्यले, एक शब्द टाकायची हिंमत न्हाई. एके दिवशी कुणीतरी विचारलं, मास्किंगवर, म्हंजे ह्या पुठ्ठ्यानं झाकण्यावर, मराठीत काही आहे का — आणि माझ्यासमोर टेबलावर ते सगळं पडलेलं. मी म्हणाले, आहे, माझ्याकडे आहे. माझ्याकडे — असंच लिहिलं. पण प्रत्येक पानाखाली चाचांचं नाव आणि 'लेखकाच्या परवानगीशिवाय नक्कल करू नये' ही ओळ. असलं काही दिसलं की ग्रुपचा अ‍ॅडमिन काढून टाकतो. मंग मी आत गेले, डार्करूममधून चाचांचा पुठ्ठा आणला — थांबा, कोण आलं? न्हाई, शेजारच्या अडतवाल्याचं शटर. माझं असंच होतं आजकाल, पान हललं तरी दाराकडं बघते.

हां, तर पुठ्ठा. चाचांनी स्टुडिओ टाकला त्या सालचा, कागदाच्या खोक्याचा कापलेला, एक कोपरा उंदरानं खाल्लेला. फेकत न्हाईत ते, म्हणतात, हा उंदीर कारागीर होता, त्याचा कोपरा आभाळाला बराबर बसतो. तोच पुठ्ठा मी या झेरॉक्स मशीनच्या काचेवर प्रत्येक पानाच्या खालच्या कडेला ठेवला, ओळ झाकली, अठ्ठेचाळीस पानं स्कॅन करून ग्रुपवर टाकली, तिथूनच फिरत ती तुमच्याकडं आली. चाचा पहिल्या दिवसापासून सांगत आलेत, पुठ्ठा हिलता रख, रुका तो निशान पडता. मी तो स्थिर ठेवला. बघा तुमच्या त्या पानांवर — न्हाई, आत्ता काढू नका, घरी बघा — खाली करडी पट्टी दिसेल आणि डावीकडं उंदरानं खाल्लेला कोपरा, जसाच्या तसा. प्रत्येक पानावर. तुम्हाला ती घाण झेरॉक्स वाटली असेल. चाचांना काय वाटेल?

साठ-सत्तर जणांनी धन्यवाद म्हटलं, मी घरी जाऊन ते दोनदा वाचलं. लाज आता वाटते, तेव्हा न्हाई वाटली, हेच तर. मागच्या महिन्यात चाचांनी प्रकाशकाला लिहून दिलं, मासिकानंतर हे कुठंच आलेलं न्हाई. सही करताना कागद मी धरून ठेवला — मी, स्वतः. काल त्या प्रकाशकांचा फोन आल्ता. चाचा बाहेर ओट्यावर जाऊन बोलले. आज सकाळी माझ्या आधी येऊन बसलेले, चहा न्हाई घेतला, मला 'बेटा' पण न्हाई म्हणाले. तब्येत असेल. वय झालं ना. पुस्तक निघायच्या आधी मी सांगणारच आहे त्यांना, फक्त एक चांगला दिवस बघून राह्यले.

झाले तुमचे फोटो, कटिंग करून देते. आधार कार्डाची झेरॉक्स पण पाहिजे म्हणालात ना? द्या इकडं. हे झाकण जरा जड आहे —

हा पुठ्ठा इथं कसा? मी तर आत डार्करूममध्ये खिळ्याला अडकवला होता, काल जाताना, माझ्या हातानं. आत माझ्याशिवाय फक्त —

हे घ्या कार्ड. झेरॉक्स समोर मिळेल, कोपऱ्यावर. फोटो उद्या न्या. न्हाई, तुमचं काही चुकलं न्हाई, दादा. चाचा आलेत. जा तुम्ही.