तेवीस कुलपं

कडूबाई : तो कागद दारावर लावायचा न्हाई, सायेब. आधी मला वाचून दावा.

बद्रीनाथ : नोटीस आहे, बाई. रस्ता रुंद होतोय, त्यात ही ओळ जाते. पाहणीत जी घरं रिकामी सापडली ती सोमवारी पाडणार. बाकीच्यांना पालिका माळावर पक्की घरं देणार आहे.

कडूबाई : मग आमचं कुटं?

बद्रीनाथ : तुमचं रिकाम्यात आहे.

कडूबाई : रिकाम्यात? ही चूल पेटलेली दिसंना का? दोरीवर धुणं वाळतंय ते काय भुताचं हाय?

बद्रीनाथ : आजचं कोणी विचारत नाही. पाहणी जानेवारीत झाली. तेव्हा कुलूप होतं. तुमच्याच नाही, या ओळीतल्या तेवीस घरांना.

कडूबाई : आसनारच की कुलूप! जानेवारीत आमी ऊस तोडतो. दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रक येतो, गुढीपाडव्याच्या आगंमागं परत आणून सोडतो. ह्या शिरूरचं शेंबडं पोरगंबी सांगंल हे. तुमी मूळचे कुठले?

बद्रीनाथ : इथलाच, नेकनूरचा.

कडूबाई : नेकनूरचा मानूस, आन त्याला ऊसतोड ठावं न्हाई?

बद्रीनाथ : माहीत आहे हो. पाहणीची तारीख वरून येते.

कडूबाई : वर कोन बसतंय? त्याच्या चहात साखर आसती का न्हाई?

बद्रीनाथ : हे बघा, हरकत घ्यायला पंधरा दिवस दिले होते. फेब्रुवारीत. पालिकेच्या फळ्यावर यादी लावली होती.

कडूबाई : फळ्यावर! आन आमी कर्नाटकात, उसाच्या पाचटात. तिथनं मान लांब करून वाचायची व्हय तुमची यादी?

बायनाबाई : कडू, कोन आलंय गं? पाणी आलं का?

कडूबाई : न्हाई, आत्या. पालिकेचे सायेब हायेत. पडून ऱ्हावा तुमी.

बद्रीनाथ : आत कोण आहे?

कडूबाई : सासू माझी. बायनाबाई.

बद्रीनाथ : त्या तुमच्यासोबत जातात ना तोडीला?

कडूबाई : दिसत न्हाई तिला. विसरती. मागल्या साली दोनदा हायवेवर गेलती. फडावरच्या कोपीत, त्या पाचटाच्या खोपटात, कुटं ठिवू तिला, बैलाच्या पायात? म्हून नाक्यावरच्या छबुबाईकडं किल्ली देऊन जातो. दोन टायमाला भाकर देती, पाणी देती, आन भायेरनं कुलूप लावून जाती. मला ते गोड वाटतं आसं समजू नका. हात उसाच्या फडात आसतेत, जीव हितं.

बद्रीनाथ : मला कागद लावू द्या. आज पाच वाजता यादी कायम होते, त्याआधी पोचायचंय.

कडूबाई : मला एक सांगा. चौकात पालिकेनं ह्यो मोठा बोर्ड लावलाय, ते चित्र कुठल्या गावाचं हाय? गुळगुळीत रस्ता, दोन्ही अंगानं झाडं.

बद्रीनाथ : परदेशातलं असेल कुठलं तरी. आपलं शहर तसं करायचंय म्हणतात.

कडूबाई : त्यात आमी कुटं हाव? मी लई येळ उभी ऱ्हाऊन बघितलं. एक बाई कुत्रं घिऊन चाललीय, तेवढीच. माझ्यासारकी एकबी न्हाई. तिथली भांडी काय कुत्रं घासतंय?

बद्रीनाथ : चित्र आहे ते.

कडूबाई : चित्रात जे नसतंय तेच पाडायला आले की तुमी. मला वळखलं का न्हाई, बद्रीसायेब?

बद्रीनाथ : तुम्हाला?

कडूबाई : तुमच्या माडीच्या विटा माझ्या डोक्यावरनं गेल्यात. माडी बांधली त्या पावसाळ्यात मी आन शेजारच्या गहिनीनाथची बायको, दोघी व्हतो. मालकीन बाई चांगली, चहा देयची. वरचा मजला लेकीसाठी, धनश्रीसाठी म्हनायची. कोन ऱ्हातं आता वर?

बद्रीनाथ : कोणी नाही. धनश्री डब्लिनला आहे, आयर्लंडात. चौथं वर्ष.

कडूबाई : म्हंजी कुलूप.

बद्रीनाथ : हो.

कडूबाई : चार वर्सं. आन आमचं पाच म्हैने. पाडायची नोटीस कुनाला यायला पायजे?

बद्रीनाथ : ते घर माझ्या नावावर आहे, बाई. तिथं पट्टा आहे, उतारा आहे. इथं काय आहे?

कडूबाई : हितं मानसं हायेत! वीस वर्सं झाली. मतं मागायला येता तवा कुलूप कसं दिसत न्हाई कुनाला? तवा तर ट्रक पाठवून फडातनं उचलून आनता!

बद्रीनाथ : ओरडू नका. मी लहान माणूस आहे.

कडूबाई : लहान मानसाच्याच हातात आसती दारावर फुली मारायची लाल रंगाची पिचकारी. धनश्री मजेत आसंल. त्या चित्रातल्या गावात.

बद्रीनाथ : रस्ते चित्रासारखेच आहेत. ती एका खोलीत सहाजणींत राहते. भाडेकरारावर नावं दोघींचीच.

कडूबाई : आन बाकीच्या चौघी?

बद्रीनाथ : त्या कागदावर नाहीत. धनश्री त्या चौघींत आहे. तपासणीला कोणी आलं, दार वाजलं, की दिवा घालवून गप्प बसतात. खोकलासुद्धा दाबतात. बायकोला मी हे सांगितलेलं नाही.

कडूबाई : अगं बाई. एवढ्या श्रीमंत देशात जागा न्हाई?

बद्रीनाथ : जागा आहे. तिच्या खिडकीसमोर अख्खी इमारत आहे, नवी. निम्म्या घरांत दिवा लागत नाही म्हणते. मालक दुसऱ्याच देशात असतात.

कडूबाई : ती रिकामी म्हून कुनी पाडतंय का?

बद्रीनाथ : कोण पाडणार?

कडूबाई : हां. तिथं बी श्रीमंताचं कुलूप म्हंजी मालक हाय, आन गरिबाचं कुलूप म्हंजी कुनीच न्हाई.

बायनाबाई : कडू, ह्यो आवाज तर पाणीवाल्याचा हाय.

कडूबाई : न्हाई वो आत्या. पालिकेचे हायेत.

बायनाबाई : त्योच हाय. थंडीत आलता. दार वाजवलं. म्या म्हनलं, पाणी आलं का रं? त्यो म्हनला, येईल आजी. म्या हांडा दारापाशी आनून ठिवला. आलंच न्हाई.

कडूबाई : बद्रीसायेब. काय म्हनती ही?

बद्रीनाथ : दुपारपर्यंत सगळी ओळ संपवायची होती.

कडूबाई : आवाज ऐकलता का न्हाई तुमी?

बद्रीनाथ : ऐकला.

कडूबाई : तिच्याशी बोलले?

बद्रीनाथ : फॉर्मवर दोनच रकाने होते. राहतात, नाहीतर रिकामं. कुलूप असलं की रिकामं. तीनदा यायचं होतं, मी एकदाच आलो. बाकीच्या दोन तारखा घरी बसून लिहिल्या.

कडूबाई : तुमची लेक गप बसती, म्हून तिला कुनी मोजत न्हाई. माझ्या सासूनं तर हाक मारलीती! जित्या बाईला जबाब दिला, आन भाईर रिकामं लिवलं? हात कसा चालला वो तुमचा?

बद्रीनाथ : आता बदललं तर त्या दोन तारखा खोट्या ठरतात. साहेब मला घरी बसवतील.

कडूबाई : बसा की. घर हाय न्हवं तुमाला. दोन मजली.

(बद्रीनाथ पिशवी खाली ठेवून उंबऱ्यावर बसतो. नोटीस उलटी करून मांडीवर घेतो.)

कडूबाई : काय करताव?

बद्रीनाथ : मागची बाजू कोरी आहे. यादीला जोडून देतो. मानतील की नाही, सांगता येत नाही.

कडूबाई : मोठ्यानं वाचत लिवा. मला अक्षर येत न्हाई, पर कान हायेत.

बद्रीनाथ : "मी या ओळीत तीन वेळा नव्हे, एकदाच गेलो. सर्व रहिवासी त्या वेळी ऊसतोडीला गेले होते. या घराला बाहेरून कुलूप होते. आत बायनाबाई नावाच्या वृद्ध बाई होत्या. त्यांनी मला हाक मारली. मी उत्तर दिले, आणि घर रिकामे लिहिले."

कडूबाई : खाली सही.

बद्रीनाथ : शेवटी करतो. बाकीच्या बावीस घरांची नावं सांगा.

कडूबाई : सही आधी करा. नावं मग सांगते.

बद्रीनाथ : (सही करून) केली. सांगा.

कडूबाई : शेजारचं गहिनीनाथचं. घरात सहा मानसं. त्याच्या पुढं उत्तरेश्वर, त्याची दोन लेकरं शाळंत हायेत. लिवलं का?

बायनाबाई : पाणी आलं का रं?

बद्रीनाथ : नाही, आजी. नाही आलं.