भांड्यांच्या दुकानातलं स्वसंरक्षण

पैठणच्या एसटीत माझ्या पुढच्या बाकावर पुंडलिकनगरचे दोन शेजारी दुकानदार येऊन बसले: भांड्यांचे काकासाहेब आणि कुलपांचे अन्सारभाई.

“देशाचा कायदा बदलल्याशिवाय हा काकासाहेब आता थांबणार नाय!”

“बदला की. पण आधी सरका, ती जागा कंडक्टरची हाय.”

“घरात गुंड शिरला तर त्याला हाणायची मोकळीक, मग दुकानात का नाय? दिवसभर मी असतो कुठं?”

“वकीलसाहेब म्हणले ना, जीव वाचवायला दुकानात बी हात उचलता येतो.”

“उचलता येतो म्हंजे किती उचलायचा? घराइतकीच मोकळीक दुकानाला कायद्यात लिहून पाहिजे. आमदाराला अर्ज देणार म्हंजे देणार.”

“आज सकाळी त्या गुंडानं तुमची गचांडी धरली, तवा हातात काय होतं तुमच्या?”

“लोखंडी बत्ता.”

“मग?”

“मग काय, त्याला ‘या, बसा’ म्हणलं.”

“या अल्ला! का?”

“बोहनी झाली नव्हती. दुकानात आलेल्या पहिल्याच माणसाला हाणून दिवस सुरू करायचा व्हय?”

“उद्या परत येतो म्हणून गेलाय त्यो. दुकान बंदच ठेवा.”

“अजिबात नाय! शटर उघडणार, दारातच उभा राहणार. आत पाऊल टाकू देणार नाय त्याला.”

“क्या बात है! मी हाय तुमच्यासोबत.”

“सोबत नको, अन्सारभाई. तेवढं त्याच्या आधी येऊन एक चमचा विकत घेऊन जा.”