खुर्ची

भुताबितांना मी जुमानत नाही, पण हार्लेमचं ऐका. लॉकडाऊनमध्ये मी तिथं, परदेशात, लेकीकडे अडकले होते. तिचा व्हिसा संपत आलेला. डेन्मार्कच्या युनिव्हर्सिटीत संशोधनाची एक जागा निघाली होती. ती हुकली तर गाशा गुंडाळायचा. घर एका खोलीचं. म्हणून ऑनलाइन मुलाखतीआधी केतकीच्या हातावर दही-साखर ठेवली आणि मी बाथरूममध्ये जाऊन बसले.

बाहेर आले तर पोरगी चिडलेली.

"आई, मागे येऊन उभी कशाला राहिलीस? प्रोफेसरबाई म्हणाल्या, आईंना बसायला सांग, केव्हाच्या उभ्या आहेत."

"मी कशाला येऊ? आतून कडी लावली होती."

केतकी पांढरीफटक पडली. मागे नुसती भिंत. माझं डोकंच फिरलं. खुर्ची ओढून भिंतीपाशी आपटली आणि ओरडले, "कोण असशील ती! गप बस इथं. पोरीच्या नोकरीत खोडा घालू नकोस."

दुसऱ्या मुलाखतीला मी सरळ खाली रस्त्यावर जाऊन थांबले. केतकीचा फोन आला.

"आई, नोकरी मिळाली."

"मग रडतेस कशाला?"

"त्या म्हणाल्या, आज आई बसल्यात, बरं झालं."

डेन्मार्कला सगळं सामान नेलं. ती खुर्ची तेवढी हार्लेमलाच ठेवली.