डाव्या हाताचा हत्ती

(स्वयंपाकघर. टेबलावर चित्रांचा गठ्ठा. चित्रकार बाईच्या उजव्या मनगटाला पट्टा. समोर तिची थोरली बहीण.)

ताई : चहा बशीत ओतून देऊ का?

चित्रकार : कपाने पिता येतो मला, ताई. हात दुखतोय, तोंड नाही.

ताई : तोंडाबद्दल मला शंका नव्हतीच. डॉक्टर काय म्हणाले?

चित्रकार : अंगठ्याची नस सुजलीय. पेन्सिल धरून धरून. दोन-तीन महिने ह्या हाताने काही काढायचं नाही. मी म्हटलं, हत्तीचं पुस्तक छपाईला जायचंय. तर म्हणाले, हत्तीला थांबायला सांगा.

ताई : मग ही चित्रं कोणी काढली?

चित्रकार : मीच. डाव्या हाताने. कुठल्या पानावर काय येणार, एवढं संपादकांना कळावं म्हणून फोटो काढून पाठवली होती.

ताई : बघू. हा हत्ती?

चित्रकार : हो.

ताई : बसलाय की पडलाय?

चित्रकार : उभा आहे.

ताई : असू दे. चेहऱ्याने भोळा आहे. संपादक चिडले असतील.

चित्रकार : खूश झाले. सकाळीच फोन आला. म्हणाले, कितीतरी वर्षांनी तुमच्या चित्रांत जीव दिसला, हीच छापू.

ताई : म्हणजे आधीची सगळी मेलेली?

चित्रकार : तसं नाही म्हणाले. आधीची 'व्यवस्थित' होती म्हणे.

ताई : अगं, मग हाताचं सांगायचंस ना त्यांना.

चित्रकार : सांगितलं. त्यांनी काळजीने विचारलं, इतक्यात बरा नाही ना होणार?

ताई : काय माणूस आहे! आपल्या गल्लीतली पोरं तुझ्या उजव्या हाताची पुस्तकं बघत मोठी झाली.

चित्रकार : तेच मनात आलं. फोन ठेवला आणि बाथरूममध्ये नळ सोडून बसले.

ताई : रडलीस?

चित्रकार : थोडी. मग पाणी वाया जातंय असं वाटलं.

ताई : नाही म्हणून कळव त्यांना. हात बरा झाला की नव्याने काढून देते म्हणावं.

चित्रकार : तसंच कळवणार होते. पण खरं सांगू? उजव्याला हत्ती पाठ झालाय. तो काढायचा आणि मी रेडिओ ऐकायचे. ह्या वेळी सोंड कुठे वळेल ते मलाच ठाऊक नव्हतं. घाम फुटला. बऱ्याच दिवसांनी रेडिओ लावायचा राहून गेला.

ताई : हे सांगितलंस त्यांना?

चित्रकार : छे. आधीच फार खूश आहेत.

ताई : पण डावाही शिकेलच की. तोही व्यवस्थित काढायला लागेल.

चित्रकार : लागलाय. काल एक कान अगदी नीट आला.

ताई : मग पुढे काय? पायाने काढणार?

चित्रकार : पुढचं पुढे. हे पुस्तक तरी डाव्यानेच पुरं करीन.

ताई : आणि उजवा बरा झाला, की त्याने काय करायचं?

चित्रकार : कागद धरायचा. इतकी वर्षं डाव्याने धरलाच ना.