उशी काखेत मारून निघालेले अप्पा

मंडळी, एक सांगा. ज्या माणसाला आपण कोण हेच आठवत नाही, त्याची सेवा करायची तरी कशी?

ऐका तर. मिरजेकडच्या एका वृद्धाश्रमात त्र्यंबकअप्पा गुरव नावाचे तबलजी. आयुष्यभर मैफलींत साथ केली, आणि आता हा विसरण्याचा आजार. पोटची मुलगी सुनंदा समोर आली, तर म्हणतात, "बाई, आपण कुठल्या?" कसं वाटत असेल हो तिला?

आश्रमवाल्यांनी ऐकलं होतं, गाण्यानं अशा माणसांना बरं वाटतं. खरंच आहे ते! रोज संध्याकाळी भजनं लावू लागले. बाकीचे डोलायचे. अप्पा मात्र शेवटच्या भजनाला उठायचे, उशी काखेत मारायचे — आणि चालले फाटकाकडे! अडवलं की झोंबाझोंबी. व्यवस्थापक सुनंदाला म्हणाले, "ताई, एखाद दिवस गाडीखाली सापडतील. महिनाअखेर घेऊन जा." आता ती नोकरीवाली, घरात दुसरं कुणी नाही. नेणार कुठं?

अशात तिथं कीर्तनाला कोण गेलं? हा शहाणा! म्हटलं, अप्पांना मी बसवतो. झकास भैरवी आळवली — अप्पा उठले! मी आपला तोंड पाडून उभा. तर आमचे पेटीवाले धोंडूमामा हसतायत. म्हणाले, "बुवा, त्यांचं काय चुकलं? भैरवी झाली की मैफल संपली. साथीदारानं डग्गा काखेत मारून घरी जायचं नाही, तर काय करायचं?"

अहो, आश्रमातलं शेवटचं भजनही भैरवीतलंच! म्हणजे रोज आपणच सांगायचं, 'चला घरी' — आणि आपणच फाटकात धरायचं!

मामांनी लगेच यमन धरला, मैफलीच्या सुरुवातीचा राग. अप्पा थबकले. माघारी आले, मांडी घालून बसले, उशी पुढ्यात घेतली आणि तिच्यावर ठेका धरला. दाराशी उभ्या सुनंदाला म्हणाले, "बाई, बसा की. आत्ता कुठं सुरू झालंय." ती रडली, पण बसली. तिचं नाव त्यांना आजही आठवत नाही. पण संध्याकाळची भैरवी बंद झाली, आणि अप्पा तिथंच आहेत, मजेत.

म्हातारं माणूस आपल्याला ओळखतं का, हे आपण दहादा विचारतो. आपण त्याला किती ओळखतो? भाकरी थापताना तुमची आई काय गुणगुणते? ठाऊक असेल त्यांनी हात वर करा बघू.

तीन. एवढ्या मंडपात तीन! बाकीच्यांनो, प्रसाद राहू द्या. आधी घरी जा आणि तिला विचारा — अजून तिला आठवतंय तोवर.