पाचाच्या जागी साडेसहा

न्हाई, जॅक लावू नका साहिलभाऊ. चाकं राहू द्या टेम्पोतच – बसा हितं पायरीवर. ठाऊक हाय मला, तुमी दुकान सोडून पिरंगुटास्नं मुद्दाम आलात, अन् ह्या बारीला माप बरोबर हाय. तेच तर सांगायचंय. गेल्या बारीला तुमी गाडीखाली वाकून सवता मोजलंत अन् म्हणालात, वहिनी, फोनवरचा आकडा अन् हा जुळत न्हाई. मी काय म्हणले? तुमच्या ऐकण्यात चूक झाली असंल. तुमची चूक न्हवती.

आमचे हे एकतीस वर्षं कारखान्यात, टूलरूमला. शेखरचं माप म्हणलं की दुसऱ्यांदा कुणी मोजायचं न्हाई. रिटायर झाले अन् ही जुनी दोन दारांची स्पोर्ट्स गाडी भंगारातनं आणली. मडगार्डं कापली, पत्रा जोडून दोन्ही अंगांनी रुंद केली – भुकूमच्या सोसायट्यांतली पोरं फोटो काढाया यायची. मग म्हणाले, आता चाकंबी रुंद पायजेत, न्हाईतर आत बुडाल्यागत दिसतील. मला शेजारी बसवून शिकवायचे – चाकाच्या आतल्या कडेवर सरळ पट्टी ठेवायची, तितनं चाक जिथं हबला, म्हंजी आसाच्या टोकाला, टेकतं तिथवर मोजायचं, ते बॅकस्पेसिंग. जास्त झालं की चाक आत स्प्रिंगला घासतं, कमी पडलं की भाईर मडगार्डाला. अन् टेकायची जागा चाकाच्या मधल्या रेषेपासनं किती सरकलीय, तो ऑफसेट. – हसताय काय? चार वर्षं पट्टीचं दुसरं टोक मीच धरलंय.

पहिली चाकं भाईर घासली. माप त्यांचंच चुकलेलं. तवाच कळायला पायजे होतं मला, पण न्हाई कळलं. मग एक दिवस वेल्डिंगच्या कांड्या आणाया म्हणून स्कूटरवर गेले ते सांजच्याला कासारसाईच्या धरणावर घावले. पेट्रोल संपलेलं, अन् एका म्हशीवाल्याला इचारत होते, कंपनीची बस कितीला येती. डॉक्टर म्हणाले, हे इसरणं आता वाढतच जाणार, गाडी हातात देऊ नका. स्कूटरची चावी मी लपवली – पण ह्या गाडीला चावीच न्हाई, ह्यांनी बसवलेल्या बटनावर सुरू व्हती. हिचं काय करू? इंजिन चालू, ब्रेक चांगले, सगळं तयार. निस्ती चाकांवाचून ओंडक्यांवर उभी.

एका सकाळी अगदी पहिल्यासारखे होते. दोनदा मोजलं, दोन्ही खेपेला पाच इंच. म्हणाले, "कल्पना, साहिलला फोन लाव. पाच सांग." मी आत गेले, फोन लावला – अन् साडेसहा सांगितलं. व्हय, मीच. चाकं बसली की हे निघणार, अन् ताम्हिणी घाटाच्या वळणात रस्ता इसरले तर? – चाकं आली, आत घासली. मला वाटलं, चिडतील, तुमाला बोल लावतील. न्हाई. टेप गुंडाळून माझ्या हातात दिली. "इथनं पुढं माझ्या मापावर जाऊ नको," एवढंच म्हणाले. त्या दिवसापास्नं कशालाच हात न्हाई लावला. दिवसभर खाटंवर, भिंतीकडं तोंड करून. आजारानं जे दोन-चार वर्षांत न्यायचं, ते मी एका फोनमदी नेलं. – जीव वाचवला म्हणता? कुणाचा?

बसा, आत नका जाऊ. तुमी ह्यांना सांगून काय व्हणार? काल तुमचा फोन आला तवा मीच सांगितलं. समोर बसून सगळं सांगितलं – तुमचं माप बरोबर होतं, आकडा मी बदलला, साडेसहाबी सांगितलं. त्यांनी शेवटपतोर ऐकून घेतलं. माझ्या डोक्यावर हात ठेवला. अन् म्हणाले, "बाई, हे तुमच्या यजमानांना सांगा. त्यांना बरं वाटंल."

– निघा तुमी. टेम्पो मागं घेत फाटकाभाईर काढा, हितं वळाया जागा न्हाई.